ड्युटी सुटली, की क्लिक!

आठवडाभर बॉयलर, बॅच आणि बग. रविवारी मात्र खंड्या, किल्ले आणि कोवळं ऊन! मोहोपाड्याच्या हौशी फोटोग्राफर्सची ही डबल ड्युटी... आणि त्यांच्या अल्बममधला एक न काढलेला फोटो.

जुलैतला रविवार, पहाटेचे पावणेसहा. रात्रभर कोसळून पाऊस नुकता उघडलाय. मोहोपाडा नाक्यावरच्या टपरीत पहिला चहा उकळतोय. बाइकवरून आमचा क्यूसीवाला उतरतो. मागोमाग बँकेतले काका, आणि स्कूटीवरून शाळेतल्या बाई. बॉयलरवाला अजून यायचाय. त्याची नाइट आहे, सातला सुटेल आणि थेट स्पॉटवर भेटेल. त्याचा कॅमेरा? तो बाईंच्या बॅगेत! कारण कंपनीच्या गेटमधून कॅमेरा आत जात नाही, आणि रात्रभर बाइकच्या डिकीत ठेवायची त्याची हिंमत होत नाही.

"आज कुठं? आपटा की कर्नाळा?"

"माणिकगड! ढग बघ कसले उतरलेत!"

चहाचे ग्लास खाली, बॅगा पाठीवर, आणि आमची वरात वाशिवलीच्या दिशेनं चालू पडते.

"मोहोपाडा? म्हणजे ते पनवेल-कर्जत लाइनवरचं?" ऑफिसात दर नव्या माणसाला हे समजवावं लागतं. नाही हो, ते मोहोपे! आमचं मोहोपाडा खालापूर तालुक्यातलं. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर दांडफाट्याला आत वळायचं. रेल्वेनं आलात तर पनवेल-रोहा लाइनवरचं रसायनी स्टेशन. एका बाजूला पाताळगंगा, पलीकडे माणिकगड आणि मध्ये एमआयडीसीची धुराडी. स्टेशनचं नावच 'रसायनी' म्हटल्यावर इथली माणसं पोटापाण्यासाठी काय करत असतील, ते वेगळं सांगायला नकोच.

मी स्वतः ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या, आणि शनिवार-रविवार स्वतःच्या फोटोंमधल्या!

कोण, काय करतं?

फोटोग्राफर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खिशाखिशांचं जॅकेट, हातभर लेन्स आणि 'मी कलाकार आहे' असा चेहरा. आमच्या ग्रुपमध्ये असं कुणीच नाही. कुणाच्या शर्टाला सॉल्व्हंटचा वास, कुणाच्या बोटाला खडू. पण मला गंमत वाटते ती वेगळीच. प्रत्येकाचा कॅमेरा त्याच्या नोकरीसारखाच वागतो!

आमचा क्यूसीवाला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. "टायट्रेशनमध्ये एक थेंब जास्त पडला ना, की फिकट गुलाबी एकदम गडद होतो आणि रीडिंग बोंबलतं. पंधरा वर्षं त्या गुलाबीकडं बघतोय. पहाटेचा गुलाबी मला कुणी शिकवायला नको!" असं तो म्हणतो, आणि खरंच त्याच्या फोटोंतले रंग कधी भडक होत नाहीत.

बॉयलरवाल्याची स्पेशालिटी पक्षी. एका झुडपासमोर तीन-तीन तास बसेल, हलणार नाही. "ड्युटीवर आठ तास गेजकडं बघत बसायचं. काही घडलं नाही म्हणजे ड्युटी चांगली झाली. इथं काहीतरी घडावं म्हणून बसतो, एवढाच फरक," इति बॉयलरवाला.

बँकेतले काका फक्त माणसांचे फोटो काढतात. त्यांच्या खिडकीवर आसपासच्या वाड्यांवरची माणसं पासबुक घेऊन यायची, फॉर्मवर पासपोर्ट साइझ फोटो चिकटवून. "फोटोत सगळे घाबरलेले. जणू पोलीस स्टेशनात बसलेत! म्हटलं, ही माणसं हसताना कशी दिसतात ते बघू." काकांचा एक नियम आहे. फोटो काढला की त्याची प्रिंट त्या माणसाच्या हातात पडलीच पाहिजे. भले त्यासाठी पुन्हा डोंगर चढायला लागो.

आणि बाई? मोबाइलला छोटी क्लिप-ऑन लेन्स लावून त्या किडे, कोळी, अळंबी टिपतात. सोमवारी तेच फोटो वर्गात, आणि मंगळवारी पोरं काडेपेटीत नवा किडा घेऊन हजर!

उन्हाचं टाइमटेबल

शिफ्टवाल्यांचं जग तुमच्या-आमच्या 'नाइन टू सिक्स'पेक्षा वेगळं असतं. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. आठवडा बदलला की झोप बदलते, जेवण बदलतं आणि हो, ऊनही बदलतं! फर्स्ट शिफ्टवाल्याला संध्याकाळचं तिरपं ऊन मिळतं. सेकंडवाल्याला सकाळ. नाइटवाला सातला बाहेर पडतो तेव्हा उजेड सगळ्यात गोड असतो, फक्त डोळे उघडे राहिले पाहिजेत. जनरल शिफ्टवाले आणि माझ्यासारखे आयटीवाले मात्र बिचारे. आमच्या वाट्याला फक्त रविवार.

आणि तोही पूर्ण मिळतो का? छे! "तुझ्याकडे कॅमेरा आहे ना? मग बारशाला जरा लवकरच ये!" हे वाक्य ऐकलं नाही असा हौशी फोटोग्राफर महाराष्ट्रात सापडणार नाही. वर "दोनच फोटो काढायचे आहेत गं" असं म्हणतात. ते दोन पहाटे दोनपर्यंत चालतात.

मग उरलेल्या वेळात काय? तर आपटा. हो, तेच आपटा स्टेशन, जिथं 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट शूट झाला. सिनेमा १९९५ चा, पण हात पुढे करून रील काढणारी जोडपी आजही दिसतात. आम्ही तिथं पक्ष्यांसाठी जातो. थंडीत नदीकाठचं धुकं टिपायला जातो. पाताळगंगा भर उन्हाळ्यातही वाहते, त्यामागं एक भारी गोष्ट आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या धरणांचं पाणी घाटावरून खाली खोपोलीच्या टाटांच्या वीज केंद्रात येतं, टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत उतरतं. हे केंद्र १९१५ पासून चालू आहे. म्हणजे एप्रिलमधला आमचा 'निसर्गरम्य' नदीचा फोटो खरं तर शंभर वर्षांच्या इंजिनिअरिंगचा फोटो असतो!

खंड्या आणि खोळंबा

पावसाळ्यात सगळ्यांची धाव कर्नाळ्याकडे. १९६८ साली जाहीर झालेलं हे छोटंसं पक्षी अभयारण्य आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. जूनमध्ये पाऊस पडला की तिथं तिबोटी खंड्या येतो. चिमणीपेक्षा लहान, पण रंग असे की रंगपेटी सांडल्यासारखी. ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बीळ करून तो पिल्लं वाढवतो.

आणि इथंच आमची हौस नडते. एका बिळाची बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी समोर ट्रायपॉडची भिंत उभी! आई-बाप चोचीत पाल घेऊन फांदीवर ताटकळतात, आणि आत पिल्लं भुकेली. दोन पावसाळ्यांपूर्वी मीही त्या भिंतीत होते, खोटं कशाला बोलू? बॉयलरवाल्यानं घड्याळ दाखवलं. "चाळीस मिनिटं झाली. एकदाही आत गेला नाही तो. चल, ऊठ." मला राग आला होता. सहाशे फोटो काढले होते आणि हवा तो एक मिळाला नव्हता. पण उठलो. शंभर पावलं मागं आल्यावर खंड्या बिळात शिरला. तो फोटो माझ्याकडे नाही, आणि त्याचं आता काही वाटत नाही. तेव्हापासून ग्रुपचा कायदा झालाय. घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही, फ्लॅश मारायचा नाही आणि पक्षी खोळंबला की आपण निघायचं.

हौशी म्हणजे कच्चा?

"प्रोफेशनल आहेस का?" असं कुणी विचारलं की आम्ही उगाच ओशाळतो. "नाही हो, हौस म्हणून..." खरं तर ओशाळायचं काहीच कारण नाही. आपल्याकडे फोटोग्राफी रुजवली ती हौशी मंडळींनीच! १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यात होते. पेशानं डॉक्टर, शिकले ग्रँट मेडिकल कॉलेजात. १८५६ ते ५८ या काळात मुंबईतून जो 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' निघायचा, त्यात त्यांचे फोटो आहेत. बघा, अल्बमच्या नावातच 'अमॅच्युअर'!

पुढे राजा म्हणून गाजलेले दीनदयाळ? इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. नोकरी सांभाळून कॅमेरा शिकले आणि मग निजामाच्या दरबारापर्यंत पोहोचले.

आणि आमच्या रसायनीकरांचे लाडके म्हणजे गौतम राजाध्यक्ष. सिनेतारकांचे ते देखणे चेहरे टिपणारा माणूस मुळात केमिस्ट्रीचा! सेंट झेवियर्समधून पदवी घेतली, तिथंच दोन वर्षं शिकवलं, १९७४ साली लिंटास या जाहिरात कंपनीत लागले आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफर झाले. २०११ साली ते गेले. आमचा क्यूसीवाला आजही बॉसशी भांडण झालं की म्हणतो, "बघाच, मीपण राजाध्यक्षांसारखा राजीनामा देणार!" दिला मात्र अजून नाही. होम लोन आहे.

मोरीतली डार्करूम

माझ्या हातात कॅमेरा आला तो बाबांमुळे. बाबा पाताळगंगेच्या एका केमिकल कंपनीत प्लांट ऑपरेटर. १९८३ ला लागले. तेव्हा त्यांच्याकडे काकांनी दिलेला आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये फक्त बारा फोटो! १९८९ च्या जुलैत पाताळगंगेला मोठा पूर आला, कारखान्यांत पाणी शिरलं, तेव्हाचे बाबांचे नऊ फोटो अजून आहेत. त्यातला माझा आवडता म्हणजे पाण्यात हँडलपर्यंत बुडालेली एक सायकल. पुढे दिवाळीच्या बोनसमधून सेकंडहँड याशिका आला, आणि आमच्या मोरीची डार्करूम झाली.

दाराला काळी चादर, वर लाल बल्ब, खाली तीन ट्रे. डेव्हलपर, पाणी, हायपो. पांढऱ्या कागदावर हळूहळू आईचा चेहरा उमटायचा, आणि आई बाहेरून ओरडायची, "अहो, झालं का? भांडी घासायची आहेत!" बाबा मला केमिस्ट्री तिथंच शिकवायचे. डेव्हलपरमध्ये असतं हायड्रोक्विनोन, आणि ते बनवायची एक जुनी रीत ॲनिलिनपासून सुरू होते. आणि ॲनिलिन तर रसायनीचंच! इथल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये ते बनायचं. बाबांना या योगायोगाचं भारी कौतुक. ही सरकारी कंपनी १९६० ची, आणि फिल्म बनवणारी उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्सही १९६० ची. "जुळ्या बहिणी," बाबा म्हणायचे.

दोघींचं पुढं जे झालं तेही सारखंच. डिजिटल आलं आणि उटीची फिल्म बंद पडली. २०१७ च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं रसायनीचे तोट्यातले प्लांट बंद करायला मंजुरी दिली. बरीचशी जमीन भारत पेट्रोलियमला द्यायचं ठरलं. वाचला तो एकच प्लांट, नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. तो 'इस्रो'कडे सोपवायचा निर्णय झाला, कारण पीएसएलव्हीच्या विकास इंजिनाला ते लागतं.

बाबांची कंपनी वेगळी, पण गत तीच. २०१४ साली त्यांनी शेवटचा पंच मारला. पुढच्या दोन वर्षांत प्लांट कापून भंगारात गेला.

"आजोबा, तुम्ही काय करायचात?"

गेल्या दिवाळीत माझ्या सहा वर्षांच्या लेकानं बाबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही ऑफिसात काय करायचात?" त्याच्या शाळेत प्रोजेक्ट होतं. आजी-आजोबांचा कामावरचा फोटो चिकटवायचा होता.

"थांब, दाखवतो," म्हणून बाबांनी कपाट उघडलं. एकतीस वर्षांची नोकरी आणि तेवढ्याच वर्षांचे फोटो. कॉलनीतला गणपती. पुरातली सायकल. माणिकगड, प्रबळगड, कर्नाळ्याचा सुळका. माझी प्रत्येक बर्थडे पार्टी. शेजाऱ्यांची लग्नं. पावश्या, धनेश, खंड्या. आम्ही दुपारभर पालथं घातलं ते कपाट.

कामावरचा फोटो? एकही नाही!

कसा असेल? गेटवर कॅमेरा काढून ठेवायचा असतो. ज्या प्लांटमध्ये पेट घेणारी सॉल्व्हंट्स असतात, तिथं साधी बॅटरीची वस्तूही ठिणगीच्या भीतीनं नेता येत नाही. मोबाइलसुद्धा लॉकरमध्ये. नियम बरोबरच आहे, बाबांनी तो एकदाही मोडला नाही. पण त्याचा अर्थ असा झाला की आयुष्यातले रोजचे आठ तास, जे त्यांना सगळ्यात चांगले जमत होते, त्यांचा पुरावाच उरला नाही. प्लांट होता तेव्हा फोटो काढता येत नव्हता, आणि आता काढायला प्लांट नाही.

बाबा काही बोलले नाहीत. फोटो पुन्हा रबरबँड लावून ठेवत राहिले. मग म्हणाले, "अगं, वाटायचं, ते काय रोजचंच आहे. फोटो काढायचा तर काहीतरी वेगळ्याचा."

रविवारी टपरीवर मी ही गोष्ट सांगितली. नेहमी कलकलाट करणारा आमचा ग्रुप एकदम गप्प. क्यूसीवाल्यानं हिशेब केला, चाळीस हजार फोटो आहेत म्हणे त्याच्या हार्डडिस्कवर. त्यात त्याच्या लॅबचा, लॅबकोटचा, सोबतच्या माणसांचा एकही नाही. बॉयलरवाल्याचं तेच. आणि मी? माझ्याकडे ऑफिसचे फोटो म्हणजे केक कटिंगचे!

तेव्हापासून आम्ही एक नवीन खेळ सुरू केलाय. गेटच्या आत नियम म्हणजे नियम, तिथं कॅमेरा नाही. पण गेटच्या बाहेर तर बंदी नाही ना? पहाटे साडेसहाची कंपनीची बस. थांब्यावर पेंगणारे नाइटवाले. ओळीनं लावलेल्या सायकली. घरातली, दाराशी उभी केलेली सेफ्टी शूजची जोडी. चार कप्प्यांचा डबा भरणारे हात. काकांनी त्यांच्या मॅनेजरची रीतसर परवानगी काढून रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी आपली खिडकी आतून टिपली. त्या फोटोत काका नाहीत. खिडकीपलीकडे हसणारी माणसं आहेत.

आणि लेकाचं प्रोजेक्ट? बाबांनी एका पाठकोऱ्या कागदावर आठवून आठवून प्लांट काढला. रिॲक्टर, कंडेन्सर, तीन मजली जिना, आणि जिन्याखाली चहा प्यायची जागा. पण लेकाचं समाधान होईना. "पण तुम्ही काय करायचात?"

बाबा खुर्चीतून उठले. पाय फाकवून उभे राहिले. दोन्ही हात समोर धरले आणि हवेतच एक मोठा व्हॉल्व्ह हळूहळू फिरवायला लागले. "असा. एकदम नाही उघडायचा. पाव फेरा... थांबायचं... प्रेशर बघायचं... मग पुन्हा पाव फेरा." बोलता बोलता नजर वर गेली, गेज जिथं असायचा तिथं.

मी कॅमेरा उचलला आणि एकच फोटो काढला.

तो आता लेकाच्या वहीत आहे. हॉलमध्ये उभे असलेले बाबा, अंगात घरचा सदरा, मागं टीव्ही, आणि हातात काहीच नाही. बाईंनी त्याखाली लाल पेनानं लिहिलंय, 'छान! पण हे काय करत आहेत?' लेकानं खाली पेन्सिलीनं उत्तर दिलंय, 'काम.'

तुम्हालाही सुरुवात करायचीय?

• लगेच महागडा कॅमेरा घेऊ नका. हातातल्या मोबाइलवर तीन महिने एकाच विषयाचे फोटो काढा. तरीही खाज राहिली, तर सेकंडहँड बॉडी घ्या आणि वाचलेले पैसे लेन्सवर घाला.

• पावसात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. कोकणातली बुरशी लेन्सचा शत्रू नंबर एक.

• माणसाचा फोटो काढण्याआधी विचारा, आणि काढल्यावर प्रिंट द्या.

• पक्ष्याचं घरटं दिसलं? आनंद माना, पुढं चला.

• कामाच्या ठिकाणी फोटोला बंदी असेल तर ती पाळा. परवानगी मिळत असेल तर मागून बघा. टेबल, डबा, सोबतची मंडळी, रोजचा बसस्टॉप, असं सगळं एकदा तरी टिपून ठेवा. पुढं कुणीतरी विचारणार आहे, तुम्ही काय करायचात म्हणून!